शिक्षणाचा खर्च आणि शैक्षणिक कर्ज : आधी काय, नंतर काय

सीईटीचे (प्रवेश परीक्षेचे) गुण हाती येतात, कॅप फेरीत, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, कॉलेज मिळते आणि फी भरायला चार-पाच दिवस उरतात. त्या चार-पाच दिवसांत आईच्या पाटल्या गहाण पडतात, पतसंस्थेतून चढ्या व्याजाने उचल घेतली जाते किंवा जो कर्ज देणारा सर्वांत आधी फोन उचलतो त्याच्या कागदांवर सह्या होतात. पुढे दिवाळीच्या सुमारास कळते की मुलगी पूर्ण शिक्षण शुल्काच्या सवलतीला पात्र होती किंवा कर्जाच्या व्याजावर सरकारी अनुदान मिळू शकले असते. तोवर मुदत टळलेली असते. प्रवेशाच्या दिवसांत ओळखीपाळखीच्या मुलांच्या फायली लावून देताना हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे की मला आता पैशाच्या कमतरतेइतकीच कामाच्या चुकलेल्या क्रमाची धास्ती वाटते.

हा लेख महाराष्ट्रातून पदवी किंवा व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्यांसाठी आहे. टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत.

टप्पा १ : संपूर्ण अभ्यासक्रमाचा खर्च कागदावर मांडा

हे काम निकालाच्या आधी, एप्रिल-मे महिन्यात करायचे आहे. एका कागदावर वर्षांचे रकाने आखा आणि प्रत्येक वर्षासाठी शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क, अनामत, वसतिगृह किंवा खोलीभाडे, मेस, प्रवास, पुस्तके, लॅपटॉप असे वेगवेगळे आकडे लिहा. बहुतेक घरांत पहिल्या वर्षाची फी चारने गुणून हिशेब संपवला जातो. त्यात राहण्या-जेवण्याचा खर्च येत नाही आणि पुण्या-मुंबईत तो काही अभ्यासक्रमांत फीइतकाच होतो.

खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि कॉलेजनिहाय मंजूर आकडे त्याच्या संकेतस्थळावर असतात. माहितीपुस्तिकेतला आकडा आणि मंजूर आकडा शेजारी ठेवून पाहा. अभिमत आणि खासगी विद्यापीठे या चौकटीबाहेर आहेत. तेथे दरवर्षी फी किती टक्क्यांनी वाढू शकते हे प्रवेशापूर्वी लेखी विचारावे.

सावधान : पावतीशिवाय मागितलेली रक्कम, तिला ‘देणगी’ म्हणा किंवा आणखी काही, ही कॅपिटेशन फी आहे. १९८७ च्या राज्य कायद्याने तिला बंदी आहे. अशा रकमेवर बँक कर्ज देत नाही आणि प्रवेश रद्द केला तर तिचा परतावा मागायला हातात कागदही नसतो.

टप्पा २ : दाखले आणि खाते आधीच नीट करा

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लागू असल्यास जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका आणि मध्ये वर्ष गेले असेल तर खंड प्रमाणपत्र, एवढे एका फायलीत हवे. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षासाठी वैध आहे ना, हे तारखेवरून पाहावे. गेल्या वर्षीचा दाखला लावल्यामुळे परत आलेले अर्ज सर्वांत जास्त असतात. जातवैधतेला महिने लागू शकतात, म्हणून तो अर्ज अकरावी-बारावीतच करायचा असतो.

नावाचा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो, पण तोच पुढे नडतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, वडिलांचे नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी आद्याक्षर असे असेल, तर पोर्टल आणि बँक दोघेही थांबतात. दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव प्रमाण धरून आधार आणि पॅन त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या.

खात्याचे एक काम मात्र मी स्वतः समोर बसून करून घेतो. बँकेत आधार क्रमांक नोंदवलेला असणे वेगळे आणि सरकारी अनुदान ज्या खात्यात जमा होते त्या खात्याशी आधार जोडलेले असणे, ज्याला सीडिंग म्हणतात, ते वेगळे. आधार एका वेळी एकाच खात्याशी अशा रीतीने जोडलेले असते आणि सर्वांत शेवटी जोडलेले खाते धरले जाते. ओळखीतल्या एका विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती आठ महिने ‘जमा’ दिसत होती, पण तिच्या पासबुकात नोंद नव्हती. सिमकार्ड घेताना दुकानदाराने तिच्या बोटाचा ठसा घेऊन एक पेमेंट बँक खाते उघडले होते आणि पैसे त्यात पडले होते. तिला ते खाते असल्याचेच ठाऊक नव्हते.

तपासा : आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडून कोणत्या बँकेचे नाव दिसते ते पाहा. नाव चुकीचे असेल तर आपल्या बँकेत सीडिंगचा अर्ज द्या आणि काही दिवसांनी पुन्हा पाहा.

टप्पा ३ : परत न करावा लागणारा पैसा आधी मिळवा

बँकेत जाण्यापूर्वी महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर कोणत्या योजना लागू होतात ते ठरवा, कारण इथे मिळणारा प्रत्येक रुपया कर्जातून कमी होणार आहे.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आणि कॅप फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या सर्वसाधारण प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. लोक तिला अजूनही ‘ईबीसी’ म्हणतात. तिच्यात शिक्षण शुल्काचा ५० टक्के भाग मिळतो. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गांतील ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरच्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची १०० टक्के सवलत आहे. ‘मुलींना सगळे मोफत’ अशा ऐकीव माहितीवर विसंबून बरेच पालक गाफील राहतात. विकास शुल्क, वसतिगृह आणि मेस त्यात येत नाही, व्यवस्थापन कोट्यातला प्रवेश बसत नाही आणि खासगी व अभिमत विद्यापीठेही वगळलेली आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी, अशी विभागणी आहे.

राहण्याच्या खर्चासाठी वेगळ्या योजना आहेत आणि त्या सर्वांत जास्त विसरल्या जातात. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, ओबीसी विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, तर अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. स्वाधारमध्ये मुंबई, पुणे, नागपूरसारख्या मोठ्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. चार वर्षांचे दोन लाख चाळीस हजार होतात, एवढा हा आकडा मोठा आहे.

तीन चुका इथे वारंवार होतात. पहिली, अर्ज भरला म्हणजे झाले असे समजणे. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनमध्ये आणि मग विभागाकडे जातो. त्रुटी काढून तो परत येतो तेव्हा तो उघडून पाहणारे कोणीच नसते. दर सोमवारी लॉगिन करून स्थिती पाहावी. दुसरी, दुसऱ्या वर्षी नूतनीकरण न करणे. तिसरी, सायबर कॅफेवाल्याचा मोबाइल क्रमांक आणि त्याचाच पासवर्ड वापरणे. कॅफे बंद पडला की ओटीपीही गेला.

तपासा : शिष्यवृत्तीची रक्कम मंजूर होईपर्यंत कॉलेज पूर्ण फी मागणार आहे की फक्त उरलेली, हे प्रवेशाच्या दिवशी लेखी विचारा. पूर्ण मागणार असेल तर पहिल्या वर्षाची उचल त्या हिशेबाने ठरवावी लागेल.

टप्पा ४ : कर्ज किती घ्यायचे ते ठरवा

पहिल्या टप्प्यातल्या एकूण खर्चातून तिसऱ्या टप्प्यातली मदत आणि घरातून दरवर्षी खात्रीने निघणारी रक्कम वजा करा. उरते तेवढीच कर्जाची गरज. बँक ‘पात्रता’ म्हणून जो आकडा सांगते तो वरची मर्यादा असतो, तेवढे कर्ज उचललेच पाहिजे असे नाही.

मग उलट बाजूने पडताळा घ्या. त्या कॉलेजातून त्या शाखेत बाहेर पडलेल्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या दोन-तीन मुलांना भेटा आणि हातात पगार किती येतो ते विचारा. कॉलेजच्या जाहिरातीतले सर्वांत मोठे पॅकेज या हिशेबात धरू नका. कर्जाचा मासिक हप्ता हाती येणाऱ्या पगाराच्या चौथ्या भागापेक्षा जास्त होत असेल, तर मुलाला शहरात खोलीभाडे देऊन तो झेपत नाही, असा माझा अनुभव आहे. अशा वेळी कॉलेज किंवा शाखा बदलण्याचा विचार प्रवेशापूर्वी व्हायला हवा. तो कटू असतो, पण चौथ्या वर्षी करता येत नाही.

टप्पा ५ : व्याज अनुदान कोणत्या योजनेत बसते ते आधी पाहा

हा टप्पा बँक निवडण्याच्या आधीचा आहे, कारण योजनेची अट पाहिल्याशिवाय भलत्याच प्रकारचे कर्ज घेतले तर अनुदान मागता येत नाही.

कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेतला तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळातले, म्हणजे अभ्यासक्रमाच्या आणि त्यानंतरच्या एका वर्षाच्या काळातले, पूर्ण व्याज केंद्र सरकार भरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत, निवडक दर्जेदार संस्थांच्या यादीतल्या कॉलेजात गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला तारण आणि जामीनदार न मागता कर्ज मिळते. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात व्याजात ३ टक्के सूटही आहे. ही सूट दरवर्षी १ लाख नव्या विद्यार्थ्यांपुरती आहे आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत घेणाऱ्याला ती मिळत नाही. म्हणजे शुल्क शिष्यवृत्ती आणि ही ३ टक्क्यांची सूट यांतून एक निवडावे लागते. जवळजवळ प्रत्येक उदाहरणात शिष्यवृत्तीच जास्त फायद्याची ठरते, तरीही आकडे मांडून पाहावे.

राज्यातल्या महामंडळांकडेही एकदा चौकशी करावी. इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आणि मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज योजना या जिल्हा कार्यालयांतून राबवल्या जातात.

सावधान : व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की पीएम विद्यालक्ष्मीचा दरवाजा बंद होतो. कॅपच्या शेवटच्या फेरीआधीच घाईने कोट्यातली जागा धरणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे.

टप्पा ६ : बँकेचा अर्ज आणि मंजुरीपत्र

आधी राष्ट्रीयीकृत बँकेत, शक्यतो जिथे घरचे खाते आहे तिथे जा. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेप्रमाणे ४ लाखांपर्यंतच्या कर्जात स्वतःचा वाटा घालावा लागत नाही. त्यापुढे देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के आणि परदेशासाठी १५ टक्के वाटा आपला असतो. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, आई किंवा वडील सहकर्जदार असले की पुरते. तरीही पाच लाखांच्या कर्जासाठी सातबारा घेऊन बँकेच्या दारात उभे असलेले शेतकरी मी पाहिले आहेत. त्या रकमेला तारणाची गरज नाही आणि थकबाकीत शेतजमिनीची वसुली अवघड असते म्हणून शैक्षणिक कर्जासाठी ती तारण घ्यायला बँका एरवीही सहसा तयार नसतात.

अर्ज पीएम विद्यालक्ष्मी पोर्टलवरून भरावा. तोंडी ‘आमच्या शाखेत होत नाही’ असे सांगितले जाते तेव्हा हातात काहीच राहत नाही, ऑनलाइन अर्जाला मात्र क्रमांक असतो. घर दुसऱ्या शाखेच्या हद्दीत आहे एवढ्याच कारणावरून शैक्षणिक कर्जाचा अर्ज नाकारता येत नाही, असे रिझर्व्ह बँकेचे स्पष्ट निर्देश आहेत. नकार असेल तर तो कारणासह लेखी मागा.

सहकर्जदाराचा क्रेडिट अहवाल, म्हणजे त्याच्या आजवरच्या कर्जफेडीची नोंद, आधी काढून पाहा. वडिलांचे जुने ट्रॅक्टरचे किंवा मोबाइलचे थकलेले हप्ते मुलाच्या अर्जाला आडवे येतात आणि ते प्रवेशाच्या आठवड्यात निस्तरत नाहीत. वडिलांचा अहवाल खराब असेल तर आईला किंवा कमावत्या भावंडाला सहकर्जदार करता येते का, ते बँकेला विचारा.

आता मंजुरीपत्र. एका माउलीच्या हातातले मंजुरीपत्र मी बँकेच्या बाकावर बसून वाचले होते. त्यात चार वर्षांचे शिक्षण शुल्क होते, वसतिगृहाचा रकाना कोरा होता. कॉलेजने दिलेल्या शुल्कपत्रात वसतिगृहाची ओळच नव्हती, म्हणून बँकेने ती धरली नव्हती. मुलगा तीन आठवड्यांनी खोली घेणार होता. त्या दिवशी शाखाधिकाऱ्यांनी कॉलेजकडून नवे पत्र आणायला सांगितले आणि आठवड्याभरात रक्कम वाढवून मिळाली. तेच दुसऱ्या वर्षी लक्षात आले असते तर वैयक्तिक कर्ज काढावे लागले असते, ज्याचा दर बराच चढा असतो आणि हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो.

म्हणून सही करण्याआधी या गोष्टी मंजुरीपत्रात बोट ठेवून वाचा : प्रत्येक वर्षाची वेगळी रक्कम, वसतिगृह आणि लॅपटॉपचा समावेश, व्याजदर बदलता आहे की स्थिर, हप्ता कधी सुरू होणार, सवलतीच्या काळातले व्याज सरळव्याजाने आहे की चक्रवाढीने, प्रक्रिया शुल्क आणि विमा. कर्ज देणाऱ्या प्रत्येक संस्थेने मुख्य मुद्द्यांचे एक विवरणपत्र द्यायचे असते आणि त्यात सर्व शुल्के धरून वार्षिक दर एका आकड्यात लिहिलेला असतो. दोन बँकांची तुलना त्या आकड्यावरून करा. बिगरबँक वित्त कंपन्या मंजुरी लवकर देतात हे खरे, पण त्यांचा दर बहुधा जास्त असतो आणि व्याज अनुदानाच्या सरकारी योजना त्यांच्या कर्जाला लागत नाहीत.

विमा कर्जाच्या रकमेत घालून विकला जातो. घरातली एकच कमावती व्यक्ती सहकर्जदार असेल तर संरक्षण असावे असे माझे मत आहे, पण ते त्याच बँकेतून, एकरकमी हप्ता कर्जात मिळवून घेण्याची सक्ती नसते. बाहेर साधा मुदत विमा किती रुपयांना मिळतो ते विचारून ठरवा.

परदेशी जाणाऱ्यांसाठी एक नोंद. १ एप्रिल २०२५ पासून वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या फीवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँकेने वसूल करायचा कर, कापला जात नाही. पैसे पाठवताना बँकेला रक्कम कर्जातली असल्याचा पुरावा द्या, नाहीतर कापलेला कर विवरणपत्र भरून परत मिळवत बसावे लागते.

टप्पा ७ : दरवर्षीची उचल

मंजूर रक्कम एकदम मिळत नाही. दर वर्षी किंवा दर सत्राला कॉलेजचे मागणीपत्र, आधीच्या वर्षाची गुणपत्रिका आणि मागच्या फीच्या पावत्या दिल्या की बँक रक्कम थेट कॉलेजच्या खात्यात पाठवते. मागणीपत्र फी भरण्याच्या शेवटच्या तारखेच्या किमान तीन आठवडे आधी बँकेत द्यावे. विषय राहिल्यामुळे वर्ष वाया गेले तर ते लपवू नये. मुदत वाढवून घेण्यासाठी बँकेला लगेच कळवावे, नाहीतर ठरलेल्या जुन्या तारखेला हप्ता सुरू होतो आणि मुलगा अजून कॉलेजातच असतो.

फी बँकेने भरली असेल आणि नंतर शिष्यवृत्ती विद्यार्थ्याच्या खात्यात आली, तर ती रक्कम त्याच आठवड्यात कर्जखात्यात भरा. हा पैसा घरखर्चात गेला की त्याच फीचे व्याज दहा वर्षे भरावे लागते.

टप्पा ८ : शिकत असतानाच व्याज भरा

सर्वांत महागात पडणारा गैरसमज इथे आहे. ‘नोकरी लागेपर्यंत काही भरायचे नाही’ याचा अर्थ ‘तोपर्यंत व्याज नाही’ असा होत नाही. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष या सवलतीच्या काळात व्याज रोज चढत असते आणि शेवटी मुद्दलात मिळवले जाते.

सोपा हिशेब घ्या. दरवर्षी दीड लाख असे चार वर्षांत ६ लाख उचलले, दर १० टक्के. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचे ७५ हजार, दुसऱ्यावर ६० हजार, तिसऱ्यावर ४५ हजार, चौथ्यावर ३० हजार, मिळून २ लाख १० हजार व्याज साठते. परतफेडीच्या पहिल्या दिवशी कर्ज ८ लाख १० हजार असते. दहा वर्षांच्या मुदतीत त्याचा हप्ता सुमारे १०,७०० रुपये येतो. हेच व्याज त्या त्या महिन्यात भरले, म्हणजे पहिल्या वर्षी महिना १,२५०, दुसऱ्या वर्षी २,५००, तिसऱ्या वर्षी ३,७५० आणि पुढची दोन वर्षे ५,००० रुपये, तर हप्ता सुमारे ७,९३० रुपयांवर येतो. वाटेत भरलेले व्याज धरूनही एकूण सुमारे १ लाख २३ हजार रुपये वाचतात. शिवाय या काळात नियमित व्याज भरणाऱ्याला बऱ्याच बँका व्याजदरात १ टक्का सूट देतात. ती मंजुरीपत्रात आहे का पाहा.

पूर्ण व्याज भरणे जमत नसेल तर जमेल तेवढे भरा. महिना पाचशे रुपयेही पुढे हप्त्यात दिसतात. ज्यांना पूर्ण व्याजाचे केंद्र सरकारी अनुदान मंजूर झाले आहे त्यांनी मात्र आधी बँकेकडून अनुदान खात्यात जमा होत असल्याची खात्री करावी. अनुदानाचा दावा बँकेने पाठवायचा असतो आणि तो दरवर्षी जातो की नाही हे विचारत राहणे आपले काम आहे.

करसवलतीबद्दल एक बारकावा. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट, जी ८०ई कलमाच्या नावाने ओळखली जाते, फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, फक्त व्याजावर मिळते आणि व्याज भरायला सुरुवात केलेल्या वर्षापासून आठ वर्षांपर्यंतच मिळते. ती जो व्याज भरतो त्याला मिळते. वडील कर भरत असतील आणि जुन्या प्रणालीत असतील, तर शिकतानाचे व्याज त्यांच्या खात्यातून जाणे फायद्याचे. या वजावटीसाठी व्याज तुंबवून ठेवण्यात मात्र तोटाच आहे.

टप्पा ९ : परतफेड सुरू होताना

सवलतीचा काळ संपण्याच्या दोन महिने आधी बँकेत जाऊन साठलेल्या व्याजासह एकूण रक्कम, हप्त्याची तारीख आणि मुदत लेखी घ्या. हप्त्याची तारीख पगारानंतर तीन-चार दिवसांची ठेवा. कर्जखाते गावच्या शाखेत आणि पगार शहरातल्या बँकेत असतो, म्हणून पगाराच्या खात्यावरून आपोआप वळतीचा आदेश द्या. पत्ता, मोबाइल आणि ईमेल बदलले असतील तर त्याच दिवशी नोंदवा.

मुदत लांबवण्याचा मोह आवरावा. वरच्याच ८ लाख १० हजारांच्या कर्जाचा हप्ता पंधरा वर्षांच्या मुदतीत सुमारे ८,७०० रुपये होतो, पण दहा वर्षांच्या तुलनेत एकूण सुमारे २ लाख ८२ हजार रुपये जास्त जातात. पहिला पगार तुटपुंजा असेल तर लांब मुदत घ्या आणि बोनस किंवा पगारवाढ आली की मुद्दलात भरणा करा. बदलत्या व्याजदराच्या कर्जात मुदतीआधी भरणा केल्याबद्दल दंड आकारता येत नाही. भरणा करताना तो ‘मुद्दलात’ असा लेखी अर्ज द्या, नाहीतर बँक तो पुढच्या हप्त्यांचा आगाऊ भरणा म्हणून धरू शकते.

टप्पा १० : हप्ता जमत नसेल तर

नोकरी लागली नाही किंवा सुटली, तर पहिला हप्ता चुकण्याआधी बँकेला पत्र द्या. आदर्श योजनेतच बेरोजगारीच्या काळासाठी दोन-तीन वेळा हप्ते थांबवण्याची तरतूद सुचवलेली आहे. पत्रासोबत नोकरीसाठी केलेल्या अर्जांचे किंवा कामावरून कमी केल्याचे कागद जोडा. मुदत वाढवणे, काही महिने फक्त व्याज भरणे असे पर्याय मागता येतात. हे सगळे खाते नियमित असेपर्यंत सोपे असते. ९० दिवस थकबाकी राहिली की खाते अनुत्पादित, म्हणजे एनपीए, ठरते आणि मग बोलणी वसुली विभागाशी होतात. मुलगा फोन उचलत नाही आणि नोटीस गावी वडिलांना येते, अशी वेळ ज्यांच्यावर आली त्यांच्यापैकी बहुतेकांना तीन महिने आधी एक अर्ज देऊन ती टाळता आली असती. मुलांनी घरी खरे सांगावे आणि घरच्यांनी ते ऐकून घ्यावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सावधान : हप्ता भरण्यासाठी मोबाइलवरच्या झटपट कर्ज देणाऱ्या ॲपकडे जाऊ नका. एकरकमी तडजोड हाही शेवटचा उपाय आहे, कारण क्रेडिट अहवालात खाते ‘बंद’ न दिसता ‘तडजोड’ असे दिसते आणि पुढे गृहकर्जाला ते आडवे येते.

वसुली प्रतिनिधींनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नसतो, नातेवाइकांना धमकावायचे नसते. असे घडले तर तारीख-वेळ लिहून बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनामूल्य करता येते.

टप्पा ११ : खाते बंद करताना

शेवटचा हप्ता वळता झाला की काम संपले असे समजू नका. खात्यात उरलेले काही रुपये व्याज नंतर थकबाकी म्हणून दिसते. शाखेत जाऊन खाते शून्य करून घ्या, ‘नो ड्यूज’ प्रमाणपत्र घ्या, आपोआप वळतीचा आदेश रद्द करा. घर किंवा प्लॉट तारण दिले असेल तर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दोन महिन्यांनी विद्यार्थी आणि सहकर्जदार दोघांचेही क्रेडिट अहवाल काढून दोन्हींत खाते ‘बंद’ दिसते का ते पाहा. विद्यार्थ्याच्या अहवालात बंद आणि आईच्या अहवालात चालू असे राहून गेलेले मी पाहिले आहे, आणि ते तिच्या धाकट्या लेकाच्या अर्जाच्या वेळी उघडकीस आले.